नानांचं घोरणं आणि माझे अलंकार

सराव पेपरात अलंकारांवर पाच प्रश्न होते. चार चुकले. पाठांतर तर चोख होतं! ‘सारखा, सम, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. पण ‘सारखा’ बघून मी डोळे झाकून उपमा ठोकली आणि उत्तर निघालं अनन्वय, म्हणजे ज्याची तुलना त्याच्याशीच.

व्याख्या परत काढल्या. मुख आणि चंद्र, नेत्र आणि कमळ. चंद्रासारखं मुख मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, लक्षात काय राहणार? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक, यमक असे चारच अलंकार सांगितले होते. पुढच्या मंडळींनी यादी वाढवत नेली, भोगतोय मी.

रात्री अकराला शेजारच्या खाटेवर नाना घोरायला लागले. चिडून वहीत लिहिलं, ‘नानांचं घोरणं गिरणीसारखं घरघरतं.’ लिहिलं आणि थबकलो. घोरणं हे उपमेय (ज्याची तुलना करायची ते), गिरणी हे उपमान (ज्याच्याशी करायची ते), घरघर हा साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण), ‘सारखं’ हा साम्यवाचक शब्द. अख्खी उपमा खाटेवर झोपलेली!

झोप गेलीच होती, म्हणून गिरणी पुढे चालवली. ‘नाना घोरतात तेव्हा जणू गिरणीच सुरू होते’ ही उत्प्रेक्षा. इथे घोरणं आणि गिरणी वेगळी आहेत हे अजून ठाऊक आहे, नुसती कल्पना चाललीय. ‘नानांच्या घोरण्याची गिरणी रात्रभर चालते’ म्हटलं की दोन्ही एकरूप झाली, म्हणजे रूपक. ‘हे घोरणं नव्हेच, ही गिरणी आहे’ इथे उपमेय साफ नाकारलं, ती अपन्हुती. ‘गिरणी परवडली, वीज गेली की ती थांबते तरी’ हा व्यतिरेक, कारण घोरणं उपमानाच्याही वरचढ ठरलं. नामदेवांचं ‘अमृताहुनी गोड’ लहानपणापासून कानावर होतं, पण त्यातल्या ‘हुनी’कडे त्या रात्री पहिल्यांदा लक्ष गेलं. आणि आजी खरीच गिरणी समजून पिठाचा डबा घेऊन दळण टाकायला उठली, तर भ्रांतिमान. (उठली नाही. पण उठायला हवी होती.)

मग शब्द हेरणं सोडलं. प्रत्येक ओळीला एकच विचारायचं : उपमेय आणि उपमान एकमेकांच्या किती जवळ आलेत? पुढच्या सराव पेपरात पाचपैकी चार बरोबर आले. चुकला तो श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ; त्याला गिरणी लागू पडत नाही.

अनन्वय मात्र नानांनीच समजावला. वही त्यांच्या हाती लागली. चष्मा सरसावून सगळं वाचलं, मग वही माझ्या अंगावर टाकत म्हणाले, “गिरणीबिरणी काही नाही. आमच्यासारखे आम्हीच!”