दोघांत शंभर

एसटीने नेहमी फिरणाऱ्याला 'दोघांत शंभर' ही काय भानगड आहे ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनने आकडा लिहून देतो, उतरताना आठवणीने मागून घ्यायचे. उतरतानाही त्याच्या बॅगेत सुट्टे नसतील तर तो दोन अनोळखी प्रवाशांना पुढे बोलावतो, शंभराची एकच नोट देतो आणि म्हणतो, "पन्नास-पन्नास करून घ्या." बस निघून जाते आणि एका नोटेचे दोन मालक स्टँडवर उभे राहतात.

माझं माहेर नगर, नोकरी पुण्यात. 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली ती याच नगर-पुणे रस्त्यावर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गेली 21 वर्षं मी महिन्यातून दोनदा तरी ही वारी करते. सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, मग वाघोलीचं ट्रॅफिक. 'आमदारांसाठी राखीव' लिहिलेल्या सीटवर मी कितीतरी वेळा बसले, पण एकदाही कुणी आमदार येऊन 'उठा' म्हणाला नाही.

2009 साली शिवाजीनगरला उतरताना मला असे एक वाटेकरी मिळाले. धोतर, टोपी, खांद्यावर लेकीसाठी आणलेलं बाजरीचं गाठोडं. नोट कंडक्टरने त्यांच्या हातात दिली होती, ती त्यांनी लगेच माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडं राहू द्या ताई." मी म्हटलं, "नको बाबा, तुम्हीच ठेवा." आपल्याकडे नोट राहिली तर समोरच्याला उगाच धाकधूक वाटेल, ही काळजी दोघांनाही. पेपरवाल्याने मान हलवली, फळवाल्याने तर आमच्याकडे बघितलंही नाही. शेवटी चहा घेतला. पाच-पाच रुपयांचे दोन चहा, उरले नव्वद. त्यांनी पन्नास माझ्या हातावर ठेवले आणि चाळीस बंडीच्या खिशात टाकले. मी वाद घातला (नगरची असल्याने तो मला जमतो), पण ते म्हणाले, "लेकीच्या गावात चहा पाजला म्हणायचं." नाव त्यांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते शिवाजीनगरचं स्टँडही पुढे 2019 च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हललं.

आता कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर कोड येतो. स्कॅन करा, विषय संपला. त्या सुट्ट्यांच्या कटकटीला मी मुळीच हळहळत नाही. मागायचे विसरून मी एसटीला जे दान दिलंय, त्यात एखादी साडी आली असती. आणि पूर्वीची माणसं बोलकी होती म्हणताना हेही आठवतं, की 'कुठल्या गावच्या?' नंतर 'आडनाव काय?' यायचंच, आणि ते कशासाठी विचारलंय हे विचारणाऱ्यालाही माहीत असायचं आणि मलाही.

पण तोंड उघडावं लागायचं, एवढं खरं. आमच्या नगरी बोलीत 'कृपया' वगैरे नसतं, सगळा भार 'जरा'वर. "सरका की जरा." "जरा खिडकी लावा." उभ्या बाईची पिशवी बसलेल्या बाईच्या मांडीवर जायची ती "द्या इकडं" एवढ्यावरच. ऐकणाऱ्याला यात राकटपणा दिसेल, पण तो 'जरा' गाळला की भांडण पेटतं.

मागच्या महिन्यात नगरहून बसले तर शेजारच्या सीटवर एका मुलाची सॅक. मी "कुणी आहे का इथं?" विचारलं. त्याने न बघता सॅक उचलली, कानातलं यंत्रही काढलं नाही. मी मनातल्या मनात आजकालच्या पोरांवर अख्खा लेख लिहायला घेतला. दुसरा परिच्छेद चालू असताना कंडक्टर आला. माझा फोन फिरतोय, फिरतोय, पैसे काही जाईनात. "मॅडम, कॅश द्या." पर्समध्ये नाणी सोडून काही नाही. मागच्या सीटवरून एक काका पुटपुटले, "हाफ तिकीट, तरी एवढा उशीर." महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हापासूनचं हे पुटपुटणं आता पाठ झालंय.

मुलाने फोन पुढे केला. "काका, एक फुल, एक हाफ."

बस्स. माझ्याकडे बघितलंही नाही. मी गडबडून म्हटलं, "अरे, नंबर दे, लगेच पाठवते." "नंबर नको मावशी, रेंज आली की क्यूआर दाखवतो." नंबर मागायला मलाच अवघड वाटत होतं, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. सुप्याच्या पुढे रेंज आली. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर त्याचं नाव आलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं ठळक अक्षरात. ज्या माणसाशी मी दोन वाक्यं बोलले होते, त्याची सगळी चौकशी न विचारता हातात. मी पटकन ॲप बंद केलं, का कोण जाणे.

शिरूरला गाडी थांबली. तो उठला, सॅक माझ्या मांडीवर ठेवली. लॅपटॉप असावा, जड होती. "मावशी, जरा बघाल?"

दहा मिनिटं झाली, डबल बेल वाजली, ड्रायव्हरने गाडी काढली. मी ती सॅक कवटाळून उठले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "ओ कंडक्टर, थांबा जरा! एक फुल खाली राहिलाय!"

मागच्या त्या काकांनीच पत्र्यावर हात बडवून गाडी थांबवली.