फलटणजवळच्या वाड्यावर
आज दिवसभर फलटणजवळच्या माळावर धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांसोबत फिरणाऱ्या त्यांच्या तळावर होतो. कोरोनानंतर मेंढपाळांचं काय झालं यावर परदेशी युनिव्हर्सिटींसोबत आमचा प्रोजेक्ट चालू आहे, मंगोलियाच्या एक संशोधक बाई सोबत होत्या आणि मी दुभाषा. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न, महिन्याचं उत्पन्न किती? वाड्यावरच्या मामी म्हणाल्या, महिन्याचं कुठं असतंय बाबा, रानात खतासाठी मेंढरं बसवली की शेतकरी कधी धान्य देतो कधी पैसं, कोकरू विकलं तर चार नोटा हातात. तो रकाना मी कोराच ठेवला, खोटा आकडा लिहायला हात धजेना.

मग २०२० चा विषय निघाला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा यांचा वाडा कोकणात, आठवडी बाजार बंद, बकरं घ्यायला व्यापारी येईना, गावात पाणी मागायला गेलं तरी लोक लांबूनच हाकलायचे, आणि पावसाच्या आत घाट चढून वर यायलाच पाहिजे कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, खुरं सडतात. हे सांगताना मामी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या गाठी मारत होत्या, हात एकदाही थांबला नाही.

पाहुण्या बाईंनी ती गाठ स्वतः मारून बघितली, मग म्हणाल्या की आमच्याकडंही सीमा बंद झाल्यावर कॅशमीरचा, म्हणजे बकऱ्यांच्या मऊ लोकरीचा भाव पडला होता. मामींनी लगेच विचारलं, मग खाल्लं काय तुम्ही?

हा प्रश्न आमच्या फॉर्मात नाहीच. उद्याच्या मीटिंगमध्ये तो घालायला लावणार, आणि अहवाल आधी मराठीत, वाड्यावर वाचून दाखवायचा हेही.