आम्ही टोळधाड हाकलली, ती मामाच्या गावाला गेली

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. लॉकडाऊनमुळे मी पुण्याची खोली सोडून गावी आलेलो, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, आमची संत्र्याची बाग आहे साडेतीन एकर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू व्हायचा होता पण ऊन आधीच असं की दुपारी बाराला कुत्रंसुद्धा गोठ्यातून बाहेर निघत नव्हतं. मी आत पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसलेलो आणि आई गच्चीवर कुरड्या वाळत घालायला गेली होती, ती वरूनच ओरडली, "अरे पाह्य ना वर येऊन, काय आलं थे!"

पहिल्यांदा मला वाटलं वादळ येतंय, सातपुड्याच्या बाजूने तांबूस धूर सरकत यावा तसं दिसत होतं, फक्त तो धूर मधेच खाली वाकायचा आणि परत वर जायचा. मग आवाज आला. तो आवाज कसा सांगू, वाळलेल्या तुरीच्या शेंगा पोत्यात भरून कोणीतरी सतत हलवतंय तसा. आबा खाटेवरून उठून अंगणात आले, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "टोय आली." त्यांनीही आयुष्यात कधी बघितली नव्हती, त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं फक्त, पण ओळखली लगेच.

पाच मिनिटांत सगळं गाव वावरात. मार्चमध्ये थाळ्या वाजवलेल्याच होत्या सगळ्यांनी, त्याच थाळ्या परत निघाल्या, तेलाचे रिकामे डबे, लग्नाचा डीजे, कोणी फटाके, कोणी धुऱ्यावर कडुनिंबाचा ओला पाला पेटवून धूर केलेला. मी डबा बडवत बागेत शिरलो तर पायाखाली कुरकुर, झाडाला हात लावला की शंभर-दोनशे एकदम उडायचे आणि तोंडावर आपटायचे. एक पकडून बघितला. आपला नेहमीचा हिरवा नाकतोडा असतो तसा नाही, करंगळीपेक्षा लांब, गुलाबी, पंखांवर तपकिरी ठिपके, आणि मागच्या पायांना करवतीसारखे काटे, बोटात रुतले ते. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची फळं तेव्हा लिंबाएवढी होती. पंधरा-वीस मिनिटंच बसले असतील ते आमच्या बागेच्या कडेच्या दोन ओळींवर, तेवढ्यात नवी पालवी साफ, पानांच्या मधल्या शिरा तेवढ्या उरलेल्या आणि फळांची साल उंदराने कुरतडावी तशी खरवडलेली.

संध्याकाळी पाच-साडेपाचला गावातले कृषी सहायक गाडीवर आले आणि त्यांनी सांगितलं ते आम्हाला कोणालाच ऐकायचं नव्हतं. ते म्हणाले आता वाजवू नका, सूर्य मावळतोय, त्यांना बसू द्या, एकदा बसले की रात्रभर हलत नाहीत, पहाटे आपण फवारू. ज्याच्या बागेवर बसणार त्याला हे कसं पटेल सांगा. काकांनी डबा खाली ठेवलाच नाही, मीसुद्धा ठेवला नाही, खरं तेच लिहितो. दिवस बुडेपर्यंत आम्ही वाजवत राहिलो आणि धाडीचा मोठा भाग उठून पूर्वेकडे गेला, गावात टाळ्या पडल्या, पोरांनी व्हिडिओ टाकले स्टेटसला.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. मामाचं गाव काटोल तालुक्यात, जिल्हा नागपूर, पण मधे वावरंच वावरं. त्याने विचारलं, "तुमच्याकडून निघाली का रे ती काल?" मी हो म्हणालो. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्यांच्याकडे ती अंधार पडताना पोचली, गावाला पत्ताच नाही, रात्रभर त्याच्या बागेत बसून राहिली, सकाळी ऊन चढल्यावर बघतात तर झाडं खराट्यासारखी.

आपण "हाकलली" म्हणतो तेव्हा फक्त पत्ता बदलतो आपण. मेलेला एकही नसतो त्यात. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि माझ्या आईच्या माहेरी नुकसान झालं, हे मला अजून पचलेलं नाही.

आमच्याकडे मात्र एक भाग मागे राहिला होता, नाल्याकाठच्या बाभळींवर आणि बोरींवर. तिथे कोणाची बाग नाही म्हणून तिथून कोणी हाकलले नव्हते, आणि तेच कामाला आलं. पहाटे साडेतीनला चार ट्रॅक्टर जमले, संत्रावाल्यांकडे ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचे फवारणी यंत्र असतातच, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक कृषी खात्याने दिलं होतं. टॉर्च मारला तर बाभळीच्या फांद्या दिसतच नव्हत्या, एकावर एक चिकटलेले, फांदी वजनाने वाकलेली. आणि एकही उडत नव्हता! थंड रक्ताचा किडा, ऊन लागून अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही नीट. दीड-दोन तासात काम झालं. उजाडल्यावर नाल्यात गुलाबी थर पडलेला, घमेल्यांनी भरून खड्ड्यात पुरला, आणि दोन दिवस कोंबड्या डालून ठेवायला लावल्या सगळ्यांना कारण विषारी टोळ खाल्ले असते त्यांनी.

फवारणाऱ्या पोरांच्या तोंडाला नुसते गमछे होते, ते बघून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही. आणि त्याच मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदी घालायचा मसुदा काढला होता, त्यात मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस दोन्ही होती, म्हणजे टोळांवर मारायची मुख्य औषधं तीच. औषधाशिवाय इलाज नव्हता हे मान्य, पण मग मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हे औषधाच्या डब्यासोबतच गावात यायला पाहिजे.

त्यानंतर मी झपाटल्यासारखं वाचलं याच्यावर. ही सगळी भानगड सुरू झाली २०१८ ला, अरबस्तानात. रब-अल-खाली नावाचं वाळवंट आहे, तिथे मे २०१८ मध्ये मेकुनू चक्रीवादळ आणि ऑक्टोबरमध्ये लुबान, एकाच वर्षात दोनदा पाऊस पडला. टोळाला अंडी घालायला ओली वाळू लागते, मादी दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घालते, आणि सगळं जमून आलं तर तीन महिन्यांत संख्या वीसपट, सहा महिन्यांत चारशेपट, नऊ महिन्यांत आठ हजारपट होते. तिथे बघायला कोणी नव्हतं, पुढे येमेनमध्ये तर युद्धच चालू. तिथून एक फाटा आफ्रिकेत गेला, केनियात सत्तर वर्षांत बघितली नव्हती अशी धाड आली, आणि दुसरा इराण-पाकिस्तान करत राजस्थानात. एरवी टोळ राजस्थान-गुजरातमध्येच थांबतात, पण मे महिन्यात तिथे खायला हिरवं नव्हतं आणि वारा पश्चिमेचा, म्हणून जयपूर, मध्य प्रदेश करत आमच्यापर्यंत.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे की हा टोळ एरवी एकटा राहणारा, लाजाळू किडा आहे. पाऊस पडून संख्या वाढली, मग हिरवं कमी होत गेलं की सगळे एकाच तुकड्यावर गर्दी करतात, एकमेकांच्या मागच्या पायांना घासतात, त्या घासण्याने शरीरात सेरोटोनिन नावाचं मज्जातंतूंचं रसायन वाढतं आणि काही तासांत स्वभाव बदलतो, एकमेकांकडे ओढले जातात. पुढे रंगसुद्धा बदलतो. आमच्याकडे आलेले गुलाबी होते म्हणजे वयात न आलेले, पिवळे झाले की अंडी घालायच्या लायक. आमच्यावर पिवळे आले नाहीत आणि आमची जमीन काळी, हे नशीब समजायचं.

एक चौरस किलोमीटरच्या धाडीत चार ते आठ कोटी टोळ असतात, एक टोळ दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं म्हणजे दोनेक ग्रॅम खातो, आणि अशी छोटी धाडसुद्धा दिवसाला ३५ हजार माणसांचं अन्न फस्त करते. वाऱ्यासोबत दिवसात दीडशे किलोमीटर जाते. आता याच्यापुढे माझा तेलाचा डबा काय करणार.

म्हणून मला मनापासून वाटतं की टोळाचा बंदोबस्त गावागावाने वेगवेगळा होऊच शकत नाही. खरी वेळ असते ती पिल्लं पंख फुटायच्या आधी जमिनीवर उड्या मारत असतात तेव्हाची, महिना-सव्वा महिना मिळतो, चर खणून त्यात पाडता येतात, कमी औषधात मरतात. मेटारायझियम नावाची बुरशी आहे, ती फक्त टोळ-नाकतोड्यांच्या जातीला मारते, सोमालियात २०२० ला तीच वापरली, ती हळू मारते पण माणसाला आणि मधमाशीला त्रास नाही. पाकिस्तानात ओकारा जिल्ह्यात लोकांनी रात्री झाडावरून टोळ गोळा केले आणि कोंबडीखाद्यासाठी किलोवर विकले, औषध न मारलेले. तिथेही काम रात्रीचंच बघा.

आणि ती उडत आपल्यापर्यंत आलीच तर दिवसा उभ्या पिकावर बसू देऊ नका, वाजवा, धूर करा, बागेवर पाच टक्के निंबोळी अर्क मारून ठेवा, त्याने खाणं कमी होतं. पण चार वाजले की पुढच्या गावाला फोन गेलाच पाहिजे, कुठल्या दिशेने निघाली, केवढी आहे. आणि दिवस बुडताना नाल्यावर, पडीत जागेवर बसत असेल तर हात जोडून सांगतो, बसू द्या. जागा बघून ठेवा आणि पहाटे एकत्र या. नुकसान झालं तर पंचनामा करून घ्या, कीड-हल्ला हा आपत्तीच्या यादीत आहे, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत बसते, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते झाडं छाटून मोकळे होतात.

मामाच्या झाडांना पावसानंतर पालवी आली परत. आंबिया मात्र त्या वर्षी त्याने विकला नाही, विकायला नव्हताच. आता आमच्या आणि त्याच्या गावाचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात कोणाकडे ब्लोअर, कोणाकडे पाण्याचा टँकर याची यादी वर पिन करून ठेवलीय. टोळ चेतावणी संघटनेचं ऑफिस जोधपूरला आहे, १९३९ पासूनची संस्था, त्यांचं दर पंधरवड्याला बुलेटिन निघतं, ते मी वाचतो आणि दोन ओळींत मराठीत टाकतो. टाकायचं राहिलं तर मामाचा फोन येतो, "काय म्हणते जोधपूर?"