नेपल्सहून सिसिलीला, रेल्वेनेच

नेपल्सहून सिसिलीतल्या कातानियाला विमान तासाभरात पोचवतं. इंटरसिटी गाडीला सात तासांच्या वर लागतात. तरीही दक्षिण युरोपात सॅक पाठीला लावून फिरणाऱ्या प्रत्येकाने हा टप्पा रेल्वेनेच करावा, असं मी आग्रहाने सांगेन. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम करत येताना वेगवान गाड्यांत आजूबाजूला आपल्यासारखेच पर्यटक असतात. सिसिलीच्या इंटरसिटीत बसलात की डबा गावी निघालेल्या माणसांचा असतो.

आमच्या डब्यात बहुतेक जण मिलान-तोरीनोत नोकरीला असलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः 1950 आणि 60 च्या दशकांत, दक्षिणेतली लाखो माणसं याच रुळांवरून उत्तरेच्या कारखान्यांत गेली. त्यांची मुलं-नातवंडं अजून सुट्टीला याच गाडीने खाली उतरतात. दोरीने बांधलेली खोकी, जागेवरून चाललेली समजुतीची भांडणं, डब्यात शिरल्याशिरल्या उघडलेले जेवणाचे डबे. गणपतीच्या आधीची कोकणकन्या ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे चाकरमानी लगेच ओळखू येतील.

नेपल्सच्या हॉस्टेलमध्ये माझ्या वरच्या बंकवर झोपणारी अर्जेंटिनाची मुलगीही याच गाडीने निघाली होती. तिचे पणजोबा सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या रांदात्सो गावातून बोटीने अर्जेंटिनाला गेले. पूर्वी तेवढ्या आधारावर इटलीचं नागरिकत्व मागता यायचं. मार्च 2025 मध्ये सरकारने नियम बदलला आणि नातं साधारणपणे आजी-आजोबांपर्यंतच ग्राह्य धरायचं ठरवलं. तिचा रस्ता बंद झाला. तरी ती निघाली होती, गाव बघायला. तिला इटालियन चांगलं येत असल्यामुळे पुढच्या सगळ्या गप्पा मला तिच्यामार्फत कळल्या.

तिकिटाबद्दल थोडं. इंटरसिटीत जागा राखीव असते आणि लवकर काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. रेजिओनाले, म्हणजे जवळपासच्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं, त्यामुळे तिथे घाई नाही. मात्र त्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. संप असेल तर कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक रेजिओनाले गाड्या चालवाव्याच लागतात. आणि सिसिलीच्या गाडीत तिकिटावरच्या डब्यातच बसा, कारण सिसिलीच्या काठावरच्या मेसिनाला गाडीचे दोन भाग होतात: काही डबे पालेर्मोला, काही सिराकुसाला.

खिडकी उजव्या हाताची घ्या. सालेर्नोनंतर गाडी काही वेळ आत डोंगरात जाते, मग कालाब्रियाचा किनारा धरते. बोगदा, समुद्र, पुन्हा बोगदा. असं कितीतरी वेळ चालतं, आणि खरंच कंटाळा येत नाही.

सामुद्रधुनीच्या अलीकडच्या काठावरच्या व्हिला सान जोव्हान्नीला गाडी थांबते आणि खरी गंमत सुरू होते. विजेचं इंजिन सुटतं. शंटिंगचं इंजिन मागून लागतं, गाडीचे तुकडे पडतात आणि एकेक तुकडा हळूहळू मागेपुढे करत धक्क्याकडे सरकतो. फेरीबोटीचं तोंड उघडलेलं असतं. बोटीच्या पोटात रूळ आहेत, धक्क्यावरच्या रुळांशी ते बरोबर जुळवलेले असतात. आपला डबा आत शिरताना जोडावर चाकांचा खणखणाट होतो, बाहेरचा उजेड जातो आणि खिडकीपासून हातभर अंतरावर रंग उडालेली पोलादी भिंत येते. शेजारच्या रुळावर आपल्याच गाडीचा दुसरा तुकडा येऊन उभा राहतो, म्हणजे मघाशी चार डबे पुढे बसलेला माणूस आता खिडकीसमोर असतो. कामगार डबे जागच्या जागी जखडतात. मग डब्यातून खाली उतरायचं, अरुंद फटीतून जिन्याकडे जायचं आणि वर डेकवर यायचं.

डेकवर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. सामुद्रधुनी सगळ्यांत अरुंद जागी साधारण तीन किलोमीटरच आहे. प्रत्यक्ष पाण्यावर अर्धा तासही लागत नाही, वेळ जातो तो गाडी तोडण्या-जोडण्यात. सगळं मिळून दोन तास धरा. समोर मेसिना बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर सोनेरी मादोन्ना, म्हणजे मेरीमातेचा पुतळा, उभी आहे. ती दिसू लागली तसे घरी फोन सुरू झाले.

डेकवर विषय एकच, पूल. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारी समितीने सामुद्रधुनीवरच्या पुलाला मंजुरी दिली. मधला गाळा 3,300 मीटरचा, झाला तर झुलत्या पुलांत जगात सर्वांत लांब. ऑक्टोबरमध्ये देशाच्या लेखापरीक्षण न्यायालयाने तो निर्णय अडवला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा म्हणाले, पूल व्हायलाच हवा, नातवंडं तरी वेळेत घरी येतील. शेजारच्या बाई उसळल्या: आधी आमच्या नळाला रोज पाणी येऊ दे! भूकंपाचंही कुणीतरी काढलं. 28 डिसेंबर 1908 च्या पहाटे भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली, दोन्ही काठांवर पाऊण लाखाच्या वर माणसं गेली. आजचं मेसिना बहुतेक सगळं त्यानंतर बांधलेलं आहे. मला मनापासून वाटतं की ही बोट राहावी. पण दरवर्षी दोन तास इथे अडकणाऱ्या त्या आजोबांना हे सांगायचा हक्क मला नाही.

मेसिनानंतर समुद्र डावीकडे येतो. मध्येच मार्ग एकेरी होतो, समोरच्या गाडीसाठी थांबावं लागतं. मग एटना दिसतो, माथ्यावर धूर घेऊन.

कातानियाचं हॉस्टेल मासळीबाजाराच्या जवळ होतं. दक्षिणेत हॉस्टेल निवडताना मी आधी स्वयंपाकघर बघते, बाकी सगळं नंतर. कुलूप आपलं न्यावं, पासपोर्ट नोंदणीसाठी द्यावा लागतोच, पर्यटन कर बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. इथल्या ओट्यावर मोठी कढई होती. बाजारातून जांभळी गोल वांगी आणली आणि हॉस्टेलमधल्या कातानियाच्याच मुलाने पास्ता आल्ला नॉर्मा शिकवला: वांग्याचे काप मीठ लावून, पाणी सोडू देऊन तळायचे, टोमॅटोच्या रश्शात पास्ता घालायचा, वरून बेझिलची पानं आणि खारवलेलं रिकोटा चीज किसून. शाकाहारी माणसाचं सिसिलीत फार बरं चालतं.

रांदात्सोला आम्ही दोघी मिळून गेलो. एटनाला जवळजवळ पूर्ण वळसा घालणारी चिर्कुमएत्नेआ नावाची छोट्या रुळांची गाडी आहे, 1890 च्या दशकातली. रविवारी ती नसते. कातानियाजवळच्या भागात मेट्रोचं काम चालू असल्यामुळे सुरुवातीला बस, मग गाडी. ब्रोंतेच्या आसपास पिस्त्याची झाडं थेट काळ्या लाव्ह्यातून उगवलेली दिसतात. 1981 च्या उद्रेकात लाव्हा रांदात्सोच्या अगदी जवळ आला, रेल्वेमार्गही त्याखाली गेला.

गावच्या नगरपालिकेत कर्मचारी बाईंनी जन्मनोंदीची जाडजूड वही काढली. तिरक्या हस्ताक्षरात पणजोबांचं नाव सापडलं, वडिलांच्या नावापुढे 'शेतमजूर'. फोटो काढायची परवानगी मिळाली. बाईंनी मग स्वतःहून गल्लीचा पत्ता लिहून दिला आणि दुपारी आमच्याबरोबर चालतही आल्या. घर पाडून तिथे गॅरेज झालं होतं. अर्जेंटिनाची मैत्रीण तिथे बराच वेळ उभी राहिली, मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि गॅरेजवाल्यालाच आईशी बोलायला लावलं.

तिथून मी एकटी सिराकुसाला गेले. ओर्तिजिया बेटावरचं कॅथेड्रल बघितल्याशिवाय परतू नका. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेनाचं देऊळ, त्याच्याच खांबांमधल्या जागा बुजवून सातव्या शतकात चर्च केलं. ते जाडजूड, डोरिक या ग्रीक शैलीतले खांब बाहेरच्या भिंतीत आजही दिसतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला खडकात कोरलेलं ग्रीक नाट्यगृह आहे. तिथे 1914 पासून प्राचीन ग्रीक नाटकांचे प्रयोग होतात, सहसा मेपासून पुढे. तेव्हा जाणार असाल तर हॉस्टेल बरंच आधी ठरवा, आणि किमान दोन रात्री ठेवा.