कोल्हापूरहून रैयोलीला: डायनासोरची अंडी जागेवर बघून आलो

पन्हाळ्यावर तटबंदीच्या काळ्या दगडावर हात फिरवत भाच्यानं विचारलं होतं, "आत्ती, ह्यात डायनासोरची हाडं असतील का गं?" नसतात. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला, आणि तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. पण लाव्हा पसरण्याच्या जरा आधी नद्या-तळ्यांकाठी साठलेला गाळ काही ठिकाणी त्याच्याखाली दबून राहिला. जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून त्या थरांना लामेटा म्हणतात. हाडं, अंडी, सगळं त्यात. पोरगं आठवीत, दिवाळीची सुट्टी समोर. म्हटलं, चल, दाखवतेच.

गुजरातमध्ये महिसागर जिल्ह्यात बालासिनोर, आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर रैयोली. कोल्हापूरहून अहमदाबादला थेट रेल्वे आहे, पण आठवड्यातून एकदाच. तिचं आरक्षण लवकर भरतं, सुट्टीचं ठरलं की लगेच काढा. परतीला ती जुळत नसेल तर अहमदाबाद-पुणे आणि पुढं एसटी, आम्ही तेच केलं. अहमदाबादहून बालासिनोर साधारण 90 किलोमीटर. बस मिळतात. आमची वाटेत बंद पडली आणि रैयोलीला पोचेपर्यंत आत सोडायची वेळ टळून गेली. भाच्याचा चेहरा एवढा पडला की मलाच कसंतरी झालं. बालासिनोरला मुक्काम करून सकाळी परत गेलो, आणि तेच बरं झालं. सकाळचं ऊन तिरपं पडतं, दगडातला प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसतो. दुपारच्या उन्हात सगळं माळरान एकसारखं पांढुरकं दिसतं. म्हणून माझं ऐका, आदल्या दिवशीच बालासिनोर गाठा. वेळा आणि सुट्टीचा वारही निघण्याआधी विचारून घ्या.

माळावर गाइड घ्याच. नाहीतर अंड्यावर पाय ठेवून पुढं जाल आणि कळणारही नाही. आमच्या गाइडनं एका खडकापाशी थांबून माझ्याकडं हात केला, "बेन, पानी." बाटलीतलं पाणी त्यानं दगडावर ओतलं आणि कोरड्या, मळकट दगडात एकदम एक गोल उमटला. गर्द रंगाची, नखाएवढ्या जाडीची कड, आत फिकट दगड. शेजारी दुसरा गोल, जरा खाली तिसरा. टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचं घरटं. भाचा गुडघ्यावर बसला, भिंग लावलं आणि बराच वेळ बोललाच नाही. पाणी वाळलं तसा गोल पुन्हा पुसट झाला. त्यानं स्वतःच बाटली उचलून परत ओतलं. पाण्याची एक बाटली जास्तीची ठेवा, पिण्यासाठी वेगळी. भिंगही न्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती मजा नाही.

एक तुकडा त्यानं उचलला होता. कवचाचा, नाण्याएवढा, वर बारीक पुरळासारखे दाणे. मी गाइडकडं बघितलं. त्यानं नुसतं बोटानं जागा दाखवली आणि भाच्यानं तुकडा होता तिथं, होता तसा ठेवला. इथून आजवर लोकांनी पुष्कळ नेलंय. पूर्वी इथल्या एका घरात असंच एक अंडं मसाला वाटायला वरवंट्यासारखं वापरात होतं. ते ओळखून जपलं बालासिनोरच्या संस्थानिक घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी. आपल्या सोबतच्या पोरांचे खिसे आपणच तपासावेत. तुकडा जागेवर असेल तरच कुठलं घरटं, कुठला थर हे पुढं कुणाला सांगता येतं.

शेजारी संग्रहालय आहे, 2019 साली सुरू झालेलं. तिथं राजासॉरस नर्मदेन्सिसपाशी थांबा. डोक्यावर एक बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी 1982 ते 84 मध्ये रैयोलीतून हाडं गोळा केली, नाव मिळालं 2003 मध्ये. मधली वीस वर्षं हाडं पेटीत होती, हे भाच्याला काही केल्या पटेना.

पण मला सगळ्यात जास्त भिडते ती याच पट्ट्यातल्या धोली डुंगरीची गोष्ट. तिथल्या एका दगडात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू दिसलं, 1987 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. 2001 मध्ये अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला तेव्हा काही मणके त्यांना सापाचे वाटले. 2010 मध्ये दोघांनी सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केलं: सुमारे साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. सापाचं नाव सनाजेह इंडिकस. मूळ नमुना सर्वेक्षणाच्या संग्रहातला आहे, रैयोलीत तो शोधत बसू नका. पण ही गोष्ट पोरांना जाण्याआधी सांगा, म्हणजे माळावरचा प्रत्येक गोल वेगळा दिसतो.

थंडीत जा. उन्हाळ्यात तिथं सावली शोधावी लागते. टोपी, तळ जाड असलेले बूट, आणि जेवण गोडसर लागतं म्हणून कांदालसूण चटणीची पुडी. भडंग आमचं अहमदाबादलाच संपलं.

परतीच्या बसमध्ये भाच्यानं विचारलं, "आत्ती, मग सापानं पिल्लू खाल्लं का?"

"नाही. त्याच्याआधीच वाळू-चिखलाचा लोंढा आला."

"आणि साप?"

"तोही तिथंच."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. कपडवंज आलं तेव्हा म्हणाला, पुढच्या वेळी पप्पांनाही आणू.