निरोगी दिसणारा फ्लास्क

स्वॅब तीन वर्षांच्या मुलाचा होता. भुंकल्यासारखा कोरडा खोकला, श्वास आत घेताना घशातून येणारी घरघर. बालरोगतज्ज्ञांनी अर्जावर ‘क्रूप’ (लहान मुलांच्या स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला येणारी सूज) एवढंच लिहिलं होतं. मी तेव्हा विषाणू प्रयोगशाळेत नवी होते आणि विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारं पीसीआर आमच्याकडे अजून यायचं होतं. माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या एलएलसी-एमके२ पेशींवर नमुना घालायचा, फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा आणि रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं, अशी पद्धत.

आठवडा उलटला तरी त्या पेशींना काही झालं नव्हतं. विषाणूने पेशी बिघडवल्या की त्या गोल होतात, काचेपासून सुटतात, कधी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. याला आम्ही सीपीई म्हणतो. इथे त्यातलं काहीच नाही. हा फ्लास्क आणि नमुना न घातलेला कंट्रोल शेजारी ठेवले तर कुठला कुठला हे लेबल वाचूनच कळत होतं.

“निगेटिव्ह लिहू नकोस. आधी आरबीसी घाल,” मॅडम म्हणाल्या.

गिनीपिगच्या तांबड्या रक्तपेशी धुऊन पातळ केल्या, फ्लास्कमधलं माध्यम काढून त्या आत सोडल्या आणि दोन्ही फ्लास्क अर्धा तास 4 अंशांवर आडवे ठेवले. आधी कंट्रोल पाहिला. जरासा हलवताच रक्तपेशी सगळ्या एका बाजूला वाहत गेल्या. मग नमुन्याचा फ्लास्क. हलवला, तिरका केला, धुतला. ठिकठिकाणी रक्तपेशी द्राक्षांच्या घोसासारख्या लगडलेल्याच राहिल्या. त्यांच्याखालच्या पेशी मात्र अजूनही तितक्याच निरोगी दिसत होत्या. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

संशय होता पॅराइन्फ्लुएंझावर, क्रूपच्या नेहमीच्या कारणावर. हा विषाणू पेशी फोडून बाहेर पडत नाही, पेशीपटलाचाच तुकडा पांघरून निघतो. त्यासाठी तो स्वतःची प्रथिनं पेशीकडूनच बनवून घेतो आणि तिच्या पटलात आधीच रोवून ठेवतो. त्यातलं एचएन हे प्रथिन सायॅलिक आम्लाला, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या एका प्रकारच्या साखरेला, धरतं. हे आम्ल मुलाच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर असतं, तसंच गिनीपिगच्या रक्तपेशींवरही. म्हणजे त्या फ्लास्कमध्ये रक्तपेशींना धरून ठेवणारं प्रथिन विषाणूचं होतं, पण ते उगवलं होतं माकडाच्या पेशीच्या अंगावर. पेशी वरून कुणाची उरली होती, असा प्रश्न मला त्या दुपारी खरोखर पडला.

फ्रिजची गरजही त्याच प्रथिनामुळे. एचएन सायॅलिक आम्ल धरतं आणि कापतंही. कापलं नाही तर नवे विषाणू निघताना त्याच पेशीला चिकटून बसतील. ऊब मिळाली की कापण्याचं काम जोर धरतं आणि रक्तपेशी सुटू लागतात. थंडीत पकड टिकते.

विषाणू रक्तपेशींना एकत्र चिकटवतो हे जॉर्ज हर्स्ट यांनी 1941 मध्ये इन्फ्लुएंझाबाबत दाखवलं होतं. रक्तपेशी थेट लागण झालेल्या पेशींवर घालून बघायची युक्ती फोगेल आणि शेलोकोव्ह यांची, 1957 सालची. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांच्या गटाने याच युक्तीने आजारी मुलांच्या नमुन्यांतून दोन नवे विषाणू पकडले. ते आज पॅराइन्फ्लुएंझाचे प्रकार 1 आणि 3 म्हणून ओळखले जातात. नुसतं पाहून ते सहज निसटले असते.

कंट्रोलला मी दुय्यम समजत नाही ते यासाठीच. पूर्वी माकडांच्या मूत्रपिंडातून थेट काढलेल्या पेशींत एसव्ही5 नावाचा माकडांचाच विषाणू लपलेला असे, आणि तोही रक्तपेशी धरायचा. आमचा कंट्रोल स्वच्छ होता, म्हणून निकालावर विश्वास ठेवता आला.

दुसऱ्या दिवशी ठरावीक विषाणूलाच चिकटणाऱ्या, चमकणारा रंग लावलेल्या प्रतिपिंडांनी तपासणी केली: पॅराइन्फ्लुएंझा प्रकार 1. मॅडमनी थोड्या पेशी फिक्स न करता, म्हणजे रसायनाने मारून आहेत तशा टिकवून न ठेवता, जिवंतच रंगवायला सांगितल्या. जिवंत पेशीच्या आत प्रतिपिंड शिरत नाही, त्यामुळे फक्त कडा हिरव्या उजळल्या. मुलाच्या शरीरातल्या प्रतिपिंडांनाही लागण झालेल्या पेशीचा एवढाच भाग हाती लागतो. पेशी आकाराने ठणठणीत असली तरी त्यांचं काही अडत नाही.

फोन केला तेव्हा मूल घरी गेलं होतं, श्वास मोकळा झाला होता. डॉक्टरांनी वॉर्डातल्या आणखी दोन मुलांचे स्वॅब पाठवतो म्हणून सांगितलं, आणि मॅडमनी लगेच नवे फ्लास्क काढायला लावले.