ठमीचं म्हातारपण

गावठी कुत्र्याला काही होत नाही, असं आमच्या लालबागच्या इमारतीत सगळे छातीठोकपणे सांगतात. ठमीच्या बाबतीत ते बारा वर्षं बऱ्यापैकी खरंही ठरलं. मधे एकदा गोचीडतापाने तिला आडवं केलं होतं, तेवढं सोडलं तर डॉक्टर तिला लशीपुरतेच माहीत. त्यामुळे तेराव्या वर्षी ती जिन्याच्या वळणावर थांबायला लागली, हाक मारली तरी मान वळवेनाशी झाली आणि पाण्याचं भांडं दिवसातून कितीदा भरलं तरी कोरडं दिसायला लागलं, तेव्हा तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एकच निदान ऐकू आलं : "वय झालं हो तिचं!"

आमच्या डॉक्टरांना या वाक्याचा भयंकर राग. "वय झालंय ते मलाही दिसतंय ताई. त्याच्या आड काय काय लपलंय ते आधी बघू," म्हणाले. रक्त, लघवी, रक्तदाब, सोनोग्राफी अशी यादी हातात आली. सोनोग्राफीसाठी परळला बैलघोडा हॉस्पिटलात गेलो. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव, पण एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या त्या दवाखान्याला आमच्याकडे कुणी त्या नावाने ओळखत नाही. रांगेत आमच्या पुढे एक शेळी होती. ठमी तिच्याकडे बघून भुंकलीसुद्धा नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी काळजी वाटली.

"वय" या एका पोत्यातून मग बऱ्याच गोष्टी निघाल्या. मागच्या पायांच्या सांध्यांची झीज. एक सडलेली दाढ. डोळ्यांत निळसर झाक होती, तिला शेजारचे मोतीबिंदू म्हणत होते. तो निघाला नाही. म्हातारपणी कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याची ती झाक. दिसायला फारसा अडथळा नाही, फक्त अंधुक उजेडात चाचपडतात. कान मात्र गेलेच होते. त्याचा फायदा दिवाळीत कळला. आयुष्यभर लक्ष्मीपूजनाची रात्र मोरीत थरथरत काढणारी ठमी त्या वर्षी गॅलरीत खुशाल घोरत पडली होती आणि खाली सुतळी बॉम्ब फुटत होते.

मोठी गोष्ट मूत्रपिंडांची. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, ३.१ आलं. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे चार टप्पे मानतात, त्यातला हा तिसरा. यातली वाईट गोष्ट अशी, की जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. एसडीएमए नावाची तपासणी थोडी आधी सूचना देते. घरात आठ-नऊ वर्षांचं कुत्रं असेल तर वर्षाच्या लशीबरोबर रक्त-लघवीही तपासून घ्या, एवढं मी आता लिफ्ट नसलेल्या सगळ्या इमारतींतून ओरडत फिरायला तयार आहे.

आणि मग एका औषधाने दुसऱ्याची वाट अडवायला सुरुवात केली. सांध्यांसाठी मेलॉक्सिकॅम सगळ्यात गुणकारी, पण ते मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून बंद. त्याऐवजी गॅबापेंटिन, तेही कमी मात्रेत, कारण शरीराबाहेर जाताना तेही मूत्रपिंडातूनच जातं. दाढ काढायची तर भूल द्यावी लागणार, तिचाही भार पुन्हा तिथेच. म्हणून आधी सलाईन चढवून, रक्त पुन्हा तपासून मग ती काढली. याच सुमारास मजल्यावरचे एक काका आपली दुखण्यावरची गोळी अर्धी करून घेऊन आले होते. अत्यंत प्रेमाने. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्या कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही निकामी करू शकतात, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढीशी तर आहे." एवढीशीसुद्धा नाही.

घरी सलाईन द्यायचं ठरलं तेव्हा नवरा सरळ म्हणाला, मला सुई बघवत नाही. मलाही बघवत नव्हती, पण घरात दोघांना न बघवून चालत नाही. डॉक्टरांनी शिकवलं ते असं : रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची. गार सलाईन आत गेलं की कुत्रं उठून जातं, आणि पुन्हा त्या जागी बसत नाही. बाटली उंच टांगायची. आमच्याकडे कपड्यांच्या दोरीची कडी कामाला आली. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलायची, तिचा तंबू होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई आडवी सरकवायची. शीर शोधायची नसते, हे कळल्यावर माझा निम्मा धीर परत आला. सुई दर वेळी नवी. किती द्यायचं ते डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं, त्यापुढे एक थेंब नाही, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत साठतं.

सलाईन संपलं की ठमीच्या पाठीवर बैलासारखं वशिंड दिसायचं. दोनेक तासांत ते एका बाजूने ओघळून पुढच्या पायाकडे उतरायचं आणि सकाळपर्यंत जिरायचं. पहिल्यांदा ते पायात उतरलं तेव्हा मी घाबरून रात्री डॉक्टरांना फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "पाणी आहे ताई, खालीच जाणार." सलाईनच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या चेहऱ्यावर फरक दिसायचा. जेवणाकडे बघायची तरी.

जेवण हा आमच्या घरातला खरा रणसंग्राम. फॉस्फरस कमी हवा, म्हणून हाडं बंद, काळीज बंद, सुकी मासळी बंद. भात, दुधी किंवा लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, थोडंसं चिकन, मीठ नाही, आणि त्यात फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध कालवायचं. सासूबाई मालवणच्या. बांगड्याचं डोकं ठमीच्या ताटलीत पडल्याशिवाय त्यांचं जेवण पूर्ण झालं नव्हतं बारा वर्षांत. "जन्मभर मासे खाल्ले नि आता दुधीभात? मी नसता खाल्ला," हे त्या रोज एकदा म्हणायच्या, आणि अधूनमधून ताटलीला बांगड्याचा वास यायचा. मी भांडले. डॉक्टरांकडे तक्रारसुद्धा केली. त्यांचं उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं : पथ्य तोवरच, जोवर ती खाते आहे. खाणंच सुटलं, तर उपाशी पोट चुकीच्या अन्नापेक्षा वाईट. पुढे मळमळीची गोळी, भूक लागण्याची गोळी हे सगळं करूनही ती तोंड फिरवायला लागली, तेव्हा बांगडा अधिकृतपणे परत आला. सासूबाईंनी तो विजय फार मिरवला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

गोळ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट : उकडलेल्या बटाट्याचा गोळा. पहिला रिकामा, दुसरा गोळीचा, आणि तिसरा हातात तयार दिसेल असा. तिसऱ्याच्या आशेने दुसरा चावला जात नाही.

तीन मजले, लिफ्ट नाही, वजन सतरा किलो. उतरताना जास्त त्रास, कारण सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि मागचे घसरतात. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची पट्टी पोटाखालून घेऊन मागचा भाग झोळीसारखा उचलायचा, ही युक्ती आमच्या डॉक्टरांची. घरात व्हिट्रिफाइड टाइल्सवर तिचे पाय चारी दिशांना जायचे, म्हणून स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत योगासनांच्या चटया कापून पसरल्या. वर्षभर आमचं घर जिमसारखं दिसत होतं. नखं आणि पंजांमधले केस वेळच्या वेळी कापले तर पकड बरीच सुधारते. चटयांआधी हे करावं, फुकट आहे.

जिना अगदीच होईना तेव्हा प्रश्न आला शूचा. गावठी कुत्री या बाबतीत कमालीची सोवळी असतात. ठमी घरात करण्यापेक्षा तासन् तास रोखून धरायची, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला रोखणं परवडत नाही. डायपर तिने एका दुपारी फाडून टाकला. शेवटी नर्सरीतून लॉनची लादी आणून पत्र्याच्या ट्रेमध्ये गॅलरीत ठेवली आणि खालच्या मैदानातली थोडी माती, तिथल्या वासासकट, वर पसरली. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मनावर घेतलं. चाळवजा इमारतीत सामाईक गॅलरीत असली गोष्ट ठेवणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यांनाच कळेल. दोघांनी तक्रार केली, एका घराने रोज फिनेलचं पाणी मारून दिलं.

रात्री मात्र कुठल्याच युक्तीला दाद देत नव्हत्या. दिवसभर झोप, आणि रात्री दोन-अडीचला नखांची टकटक सुरू. या खोलीतून त्या खोलीत. कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालून उभी राहायची, मागे सरकायचं असतं हेच विसरून. डॉक्टरांनी आधी दुखणं आणि रक्तदाब तपासला, कारण मूत्रपिंड बिघडलं की रक्तदाब चढतो आणि त्यातून दृष्टी अचानक जाऊ शकते. दोन्ही आटोक्यात असल्याचं बघून मग ते म्हणाले, हा मेंदूचा म्हातारपणाचा आजार आहे, माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा. औषध सुरू झालं, थोडा उतार पडला. खरा उपयोग झाला तो फटी उशांनी बुजवल्याचा, रात्रभर मंद दिवा ठेवल्याचा आणि संध्याकाळी थोडं फिरवून आणल्याचा. आणि पाळ्या लावल्याचा. नवरा अर्धी रात्र, मी अर्धी. ज्या घरात एकच माणूस हे सगळं करतं, त्याने मदत मागावी. झोप न झालेलं माणूस मुक्या जनावरावर खेकसतं, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटत राहते.

शेवटाबद्दल बोलणं आम्ही टाळत होतो, तर डॉक्टरांनीच एक तक्ता हातात दिला. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये तो मांडला. दुखणं, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सात गोष्टी, प्रत्येकीला दहापैकी गुण, बेरीज पस्तिसाच्या वर असेल तोवर गाडी चालू ठेवायला हरकत नाही. आम्ही बेरीज कालनिर्णयच्या चौकटीत लिहायला लागलो. गंमत म्हणजे त्याच दिवसाला मी तीस द्यायचे आणि नवरा बेचाळीस. तो ऑफिसातून यायचा तेव्हा ती शेपूट हलवायची, तेवढंच त्याला दिसायचं. दुपारचं मला दिसायचं. मग एका रविवारी तो दिवसभर तिच्याजवळ बसला आणि संध्याकाळी त्याने स्वतःच आकडा खोडून खाली आणला. तक्ता निर्णय देत नाही, पण भांडायला एक जागा देतो.

उलट्या थांबेनात, बांगड्याकडेही बघेना आणि कूस बदलायलाही आम्ही लागायला लागलो, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. मुलगा बंगळुरूहून रातोरात आला. आधी काय होणार ते डॉक्टरांनी नीट सांगितलं, आणि ते सांगायला हवंच : पहिलं इंजेक्शन झोपेचं, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुसरं शिरेतून, भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. डोळे उघडेच राहतात, ते मिटत नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखा आवाज येऊ शकतो, लघवी होऊ शकते. ती जागी आहे असा त्याचा अर्थ नाही. तसंच झालं. तिला मालाडला नेलं, तिथे २०२३ पासून महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे.

न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि सुया डॉक्टरांकडे पोचवल्या, त्यांच्याकडे असल्या पेशंटांची कमी नाही. उरलेल्या गोळ्या त्यांनी कुणाला परस्पर देऊ नका म्हणून बजावलं.

सासूबाई त्या दिवशी बहिणीकडे काळाचौकीला जाऊन बसल्या होत्या. जीव आपण घेऊ नये, तो जाईल तेव्हा जाईल, हे त्यांचं मत. "अजून आठ दिवस काढले असते तिने," असं त्या अजून म्हणतात. काढले असते, हे मलाही नाकारता येत नाही. ते कसे काढले असते, यावर आमचं अजून एकमत नाही, आणि होईल असंही वाटत नाही.